वर्गातील अंदाजाचे ओझे कमी करताना: ऑटिझम व इतर विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांच्या नव्या शिक्षकांसाठी

नव्या वर्गाची हजेरीपट्टी हाती येते, एका नावापुढे ‘ऑटिझम’ असा शेरा असतो आणि सोबत आठ-दहा पानांचा तपासणी अहवाल असतो. बहुतेक नवे शिक्षक तो अहवाल उघडतात आणि त्यातील गुणांक व संज्ञा वाचून अधिकच धास्तावतात. या लेखाची सुरुवात मी दुसऱ्या टोकाकडून करणार आहे. वर्गात बसलेल्या कोणत्याही मुलाला दिवसभर असंख्य गोष्टींचा अंदाज बांधावा लागतो: आता काय होणार, शिक्षक नेमके काय करायला सांगत आहेत, हे किती वेळ चालणार, संपल्यावर पुढे काय, शेजारचा मुलगा हसला तो कशाला. बहुतेक मुले हे अंदाज नकळत बांधतात. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना मात्र ते एकेक करून, जाणीवपूर्वक बांधावे लागतात आणि गणित किंवा भाषा शिकायला बसण्याआधीच त्यांची बरीचशी शक्ती त्यात खर्ची पडलेली असते. म्हणून जे मुलाला अंदाजाने ओळखावे लागते, ते त्याला दिसेल, मोजता येईल आणि विचारता येईल अशा रूपात समोर ठेवणे, हे शिक्षकाचे पहिले काम आहे. पुढील सर्व पायऱ्या या एका कामातूनच निघतात.

पहिली पायरी: शेऱ्याचा अर्थ समजून घेणे

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या एका लक्षणासाठी वापरला होता. ग्रीक भाषेतील ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, या शब्दावरून तो घडवलेला आहे. पुढे १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्दही त्याच वळणाचा आहे. या नावामुळे एक चुकीची समजूत घट्ट बसते, ती अशी की हे मूल स्वतःतच रमलेले असते आणि त्याला माणसे नकोच असतात. प्रत्यक्षात यांतील पुष्कळ मुलांना सोबत हवी असते, परंतु तिच्यात शिरावे कसे हे त्यांना उमगत नाही आणि त्यांच्याजवळ जावे कसे हे इतरांना उमगत नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हाच मुद्दा मांडला की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. शिक्षकाच्या दृष्टीने हा विचार फार मोलाचा आहे, कारण मग ‘मूल मला समजून घेत नाही’ या तक्रारीपाशी थांबता येत नाही.

आजच्या व्याख्येनुसार ऑटिझममध्ये दोन गोष्टी प्रामुख्याने पाहतात. सामाजिक देवाणघेवाणीतील व संवादातील फरक ही एक, आणि ठरावीकपणाची गरज, पुनरावृत्ती व मोजक्या विषयांतील खोल रस ही दुसरी. २०१३ मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपली निदानपुस्तिका सुधारली, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांना मिळणारा तीव्र किंवा अतिशय मंद प्रतिसाद या दुसऱ्या गटात समाविष्ट झाला. ऑटिझमला जोडून येणाऱ्या ‘स्पेक्ट्रम’ (वर्णपट) या शब्दाचा अर्थ सौम्य ते तीव्र अशी सरळ रेषा असा घेऊ नये. एखादे मूल जाडजूड पुस्तक सहज वाचेल, परंतु तहान लागल्यावर पाणी मागू शकणार नाही. दुसरे मूल एकही शब्द बोलणार नाही, पण वर्गात चाललेले सर्व काही त्याला समजत असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती ऑटिस्टिक आहे. म्हणजेच आपल्या अध्यापनाच्या काळात अशी अनेक मुले आपल्या वर्गात येणार आहेत आणि त्यांतील काहींच्या नावापुढे कोणताच शेरा नसेल. मुलींच्या बाबतीत हे विशेष घडते. आजूबाजूच्या मुलींचे हावभाव व बोलणे पाहून त्यांची नक्कल करण्यात अनेक मुली पटाईत होतात, दिवसभर तो मुखवटा सांभाळतात आणि घरी पोहोचताच कोसळतात. त्यामुळे ‘शाळेत तर ती अगदी व्यवस्थित असते’ हे वाक्य पालकांना ऐकवण्यापूर्वी शिक्षकाने दोनदा विचार करावा.

एक गोष्ट पालक हमखास विचारतात, म्हणून ती माहीत असावी. लसीकरणामुळे ऑटिझम होतो, हा समज १९९८ मध्ये छापून आलेल्या एका शोधनिबंधामुळे पसरला. तो निबंध त्याच वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला असून नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. आई थंड स्वभावाची असल्यामुळे मूल असे होते, हे जुने मतही केव्हाच निकालात निघाले आहे. आपल्या मनात त्याचा अवशेष उरला असेल, तर पालकांशी बोलण्याआधी तो काढून टाकावा.

दुसरी पायरी: अहवालाआधी पालकांशी बोलणे

अहवालात मुलाला काय येत नाही याची यादी असते. शिक्षकाला पहिल्या दिवशी लागते ती माहिती वेगळी असते. मूल तहान, लघवी आणि दुखणे कसे कळवते? बिनसायला लागले की सुरुवातीला काय दिसते: कान झाकणे, येरझाऱ्या, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे? शांत व्हायला त्याला काय उपयोगी पडते आणि कशाने अधिक बिघडते? त्याला मनापासून काय आवडते? फीट येणे, औषधे, ॲलर्जी किंवा अचानक पळून जाण्याची सवय यांपैकी काही आहे का? या प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून त्या मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येकाला, अगदी बदली शिक्षकालाही, ते पान दाखवावे. मूल बोलू, लिहू किंवा चित्रांवर बोट ठेवू शकत असेल, तर हेच प्रश्न त्यालाही विचारावेत. मोठ्यांना कधीही न सुचलेली उत्तरे तेथून मिळतात.

तिसरी पायरी: पाहणे आणि नोंदवणे

पहिले दोन आठवडे मुलात काही बदल घडवण्याचा प्रयत्न करू नये. फक्त नोंदी कराव्यात. वहीत तीन रकाने आखावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. सोबत वेळ आणि जागा लिहावी. ‘हट्टीपणा केला’ असे न लिहिता ‘घंटा वाजली, कान झाकून बाकाखाली बसला, दोन मिनिटांनी सगळे मैदानावर गेल्यावर बाहेर आला’ असे लिहावे. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते. ठरावीक तासाला, ठरावीक जागी किंवा एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळतानाच बहुतेक अडचणी येतात, असे लक्षात येते. त्याच त्याच वर्तनाने मुलाला बहुधा चारांपैकी काहीतरी मिळत असते: नकोशा गोष्टीपासून सुटका, कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू किंवा शरीराला हवे असलेले एखादे संवेदन. चारही ठिकाणी उपाय निराळा असतो. अवघड गणितापासून सुटका हवी असलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे त्याने मागितलेले बक्षीसच त्याला देणे होय.

या दिवसांत एक साधा प्रयोग अवश्य करावा. दुसरे कोणी वर्ग घेत असताना त्या मुलाच्या जागेवर दहा मिनिटे शांत बसावे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण, पंख्याचा खडखडाट, बाके सरकल्याचा कर्कश आवाज, खिडकीतून डोळ्यांवर येणारी तिरीप आणि पाठीमागून जाणाऱ्या प्रत्येकाचा लागणारा धक्का तेथे बसल्यावर जाणवतो. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना यांतील एकही आवाज मागे ढकलता येत नाही, सगळे सारख्याच जोराने ऐकू येतात. जागा बदलणे, बाकाच्या पायांना रबरी टोप्या लावणे, आवाज अडवणारे हेडफोन वापरू देणे, मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगणे, हे उपाय किरकोळ वाटले तरी अनेकदा सर्वांत जास्त फरक त्यांनीच पडतो. उलट काही मुलांना संवेदन कमी पोहोचते. अशी मुले खुर्चीत हलतात, वस्तू चावतात, भिंतीला रेलतात. भूक, तहान, लघवी यांची शरीराच्या आतून येणारी सूचनाही काहींना उशिरा समजते, म्हणून ‘आधी का नाही सांगितलेस?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे खरोखरच उत्तर नसते.

हात फडफडवणे, झुलणे, बोटे डोळ्यांसमोर नाचवणे यांसारख्या हालचाली थांबवू नयेत. त्या हालचालींनी मूल स्वतःला सावरत असते. त्यातून कोणाला इजा होत असेल, तरच तीच गरज भागवणारा दुसरा पर्याय शोधावा. डोळ्यांत पाहण्याची सक्तीही करू नये. अनेक ऑटिस्टिक व्यक्ती सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत पाहत असताना त्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही.

चौथी पायरी: दिवस डोळ्यांना दिसेल असा मांडणे

मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ मध्ये ऑटिस्टिक मुलांसाठीचा ‘टीच’ हा कार्यक्रम राज्यभर सुरू झाला. त्यातील कामाच्या रचनेतून चार प्रश्न सर्वत्र पोहोचले: कोणते काम करायचे आहे, किती करायचे आहे, ते संपले हे कसे समजणार आणि नंतर काय आहे. नव्या शिक्षकाने सगळे सोडून एवढे चार प्रश्न जरी पाठ केले, तरी वर्ग बदलू लागतो.

दिवसाच्या पातळीवर या प्रश्नांचे उत्तर म्हणजे चित्रवेळापत्रक. पुठ्ठ्याची उभी पट्टी घ्यावी, दिवसातील प्रत्येक तासाचे कार्ड तयार करावे, ती वेल्क्रोने क्रमाने लावावीत आणि पट्टीच्या शेवटी ‘झाले’ असे लिहिलेला खिसा चिकटवावा. तास संपला की मुलाने स्वतः कार्ड काढून खिशात टाकावे. कार्डावर काय असावे, हे मुलाच्या समजेवर अवलंबून असते. काहींना प्रत्यक्ष वस्तू लागते, उदाहरणार्थ खेळाच्या तासासाठी चेंडू. काहींना त्यांच्याच शाळेतील जागांची छायाचित्रे समजतात, काहींना रेखाचित्रे पुरतात, तर वाचता येणाऱ्या मुलाला लिहिलेली यादी पुरेशी असते. पूर्ण दिवस एकदम झेपत नसेल, तर ‘आधी हे, मग ते’ अशा दोनच कार्डांपासून सुरुवात करावी.

येथे होणाऱ्या चुका सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण चित्रवेळापत्रक बनवणारे शिक्षक खूप असले तरी ते वापरणारे कमी असतात. पहिली चूक म्हणजे ते भिंतीवर सजावटीसारखे लावून ठेवणे. मुलाचा हात रोज, दर तासाला त्या पट्टीला लागला नाही, तर ती निरुपयोगी होते. दुसरी चूक म्हणजे मूल शांत झाले, आता गरज उरली नाही, असे समजून ते काढून टाकणे. मूल शांत झाले ते वेळापत्रकामुळे, म्हणून ते काढण्याऐवजी मोठे झाल्यावर खिशात मावेल अशा डायरीत किंवा फोनमध्ये न्यावे. तिसरी चूक म्हणजे वेळापत्रकात बदल कधी येऊच न देणे. शाळेत बदल होतातच, म्हणून वेगळ्या रंगाचे एक ‘बदल’ कार्ड ठेवावे आणि त्याची ओळख एखाद्या सुखद बदलाने करून द्यावी: शुद्धलेखनाऐवजी आज चित्रकला. पाच-सहा वेळा बदल चांगला निघाला की नकोसा बदल स्वीकारणेही थोडे सोपे होते.

कामाच्या पातळीवरही हेच तत्त्व चालते. ‘गणिते सोडवा’ असे सांगण्याऐवजी चार गणिते असलेला कागद द्यावा, डावीकडच्या ट्रेमधून उचलून उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगावे. डावा ट्रे रिकामा झाला की काम संपले, हे कोणी न सांगता समजते. वेळ दाखवण्यासाठी वाळूचे घड्याळ किंवा लाल भाग हळूहळू कमी होत जाणारा टायमर उपयोगी पडतो. काम बदलण्याआधी पाच मिनिटे आणि एक मिनिट उरले असताना सूचना द्यावी आणि ‘एक मिनिट’ म्हटले तर ते खरोखरच एका मिनिटाचे असावे. मोठी माणसे ‘एक मिनिट थांब’ म्हणून दहा मिनिटे लावतात, तेव्हा घड्याळावर विसंबणाऱ्या मुलाचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडतो.

पाचवी पायरी: आपले बोलणे तपासणे

वर्गाला उद्देशून दिलेली सूचना आपल्यासाठीही आहे, हे काही मुलांना समजत नाही. म्हणून आधी नाव घ्यावे, क्षणभर थांबावे आणि मग थोडक्यात सांगावे. ‘वही काढशील का?’ या प्रश्नाला मूल ‘हो’ म्हणेल आणि तसेच बसून राहील, कारण प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले आहे. ‘वही काढ’ हे वाक्य अधिक स्पष्ट आहे आणि शांत आवाजात म्हटले तर अजिबात कठोर वाटत नाही. काय करू नये हे सांगण्याऐवजी काय करावे हे सांगावे. ‘धावू नकोस’ या वाक्यातून धावायचे नाही एवढे समजते, मग काय करायचे हा अंदाज मुलावरच सोडलेला असतो. ‘चालत जा’ म्हटले की तो संपतो.

आपली भाषा वाक्प्रचारांनी भरलेली आहे आणि शिक्षकांची तर अधिकच. ‘तोंडाला कुलूप लावा’, ‘डोके खाऊ नकोस’, ‘कान टवकारून ऐका’, ‘मी काय भिंतीशी बोलतोय?’ अशी वाक्ये शब्दशः घेणाऱ्या मुलाला घाबरवतात किंवा गोंधळात टाकतात. वाक्प्रचार टाळायलाच हवेत असे मला वाटत नाही, उलट ते शिकवायला हवेत. परंतु सूचना देताना ते वापरू नयेत आणि इतर वेळी वापरले तर अर्थ तेथेच सांगावा.

सांगून झाले की थांबावे. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला की सर्वच मुलांची उत्तरे अधिक विस्तृत व विचारपूर्वक होतात. ज्या मुलांना ऐकलेले समजून घ्यायला अधिक वेळ लागतो, त्यांच्यासाठी मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. या काळात तीच सूचना निराळ्या शब्दांत पुन्हा देऊ नये. आपल्याला वाटते की आपण मदत करत आहोत, परंतु अर्धवट समजलेले वाक्य बाजूला ठेवून मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे, ज्याला इकोलालिया म्हणतात, हे निरर्थक नसते. ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारल्यावर मूल ‘तुला पाणी हवे का?’ असेच म्हणाले, तर बहुधा त्याला ‘मला पाणी हवे’ असे म्हणायचे असते. मराठीत याचा आणखी एक परिणाम दिसू शकतो: आईच्या तोंडची वाक्ये तशीच आल्यामुळे मुलगा ‘मी येते’ असे म्हणू शकतो. वर्गाने हसावे असे यात काही नाही. शिक्षकाने त्याच्या बाजूने ‘मला पाणी हवे’ एवढे सहज म्हणून दाखवावे आणि पाणी द्यावे. चूक दाखवून तेच वाक्य वदवून घेण्याचा आग्रह धरू नये, कारण पाणी मागण्याचा प्रयत्न यशस्वी होणे त्या क्षणी अधिक गरजेचे असते.

सहावी पायरी: न बोलणाऱ्या मुलाला आवाज मिळवून देणे

बोलणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मूल बोलत नाही, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तिसऱ्या व्यक्तीसारखे कधीही बोलू नये. त्याला चित्रे, खुणा, अक्षरफलक किंवा बोलणारे उपकरण यांपैकी काहीतरी शक्य तितक्या लवकर मिळावे. मानसशास्त्रज्ञ ॲंडी बॉन्डी आणि वाचा-उपचारतज्ज्ञ लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये तयार केलेल्या पद्धतीत मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र दुसऱ्याच्या हातात देते आणि त्या बदल्यात ती वस्तू मिळवते. मागण्यासाठी माणसाकडे जावे लागते, ही सर्व संवादाची मुळाक्षरे त्यातून शिकता येतात. ‘चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचेच नाही’ ही पालकांची भीती स्वाभाविक आहे, पण उपलब्ध संशोधन तिला दुजोरा देत नाही. अनेक मुलांच्या बाबतीत बोलण्याला हातभारच लागलेला दिसतो. शिक्षकानेही बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवावे, कारण कोणी वापरताना पाहिलीच नाही अशी भाषा कोणतेही मूल शिकत नाही. ‘नको’, ‘थांबा’, ‘मदत हवी’ आणि ‘दुखतेय’ ही कार्डे खाऊ-खेळण्यांच्या कार्डांच्या बरोबरीने पहिल्या आठवड्यापासून असावीत. संवादाचे साधन शिक्षा म्हणून काढून घेणे म्हणजे मुलाचे तोंड बंद करणे होय, आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

सातवी पायरी: भान सुटते तेव्हा

हट्टाचे रडणे आणि भार असह्य होऊन भान सुटणे या दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कोणी पाहत आहे का याचा अंदाज घेत असते आणि हवे ते मिळाले की थांबते. भान सुटलेल्या मुलाला मागितलेली वस्तू दिली तरी ते थांबू शकत नाही. काही मुले ओरडतात, वस्तू फेकतात, स्वतःला मारून घेतात. काही मुले याच्या उलट पूर्ण गोठतात, बोलणे बंद करतात, डोके बाकावर टेकवून पडून राहतात. दुसऱ्या प्रकाराकडे वर्गात हमखास दुर्लक्ष होते, कारण त्याचा कोणाला त्रास होत नाही.

अशा वेळी शिक्षकाने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. आवाज खाली आणावा आणि बोलणे जवळजवळ थांबवावे, कारण त्या क्षणी प्रत्येक शब्द हा आणखी एक भार असतो. दिवे व गोंगाट कमी करावा, टोकदार किंवा जड वस्तू दूर कराव्यात. बाकीच्या मुलांना बाहेर नेण्याची रीत आधीच ठरवून ठेवलेली असावी. एका मुलाला ओढत नेण्यापेक्षा तीस मुलांना शांतपणे बाहेर नेणे पुष्कळदा सोपे आणि सुरक्षित असते. स्पर्श करण्यापूर्वी मुलाला तो चालतो की नाही हे पालकांशी बोलून लिहिलेल्या पानावरून माहीत असावे. प्रश्न विचारू नयेत, धमकी देऊ नये, माफी मागायला लावू नये. वादळ ओसरल्यावर मूल अतिशय थकलेले असते, त्याला पाणी, शांत जागा आणि वेळ द्यावा. काय झाले याचे बोलणे त्या दिवशी न करता दुसऱ्या दिवशी, शक्यतो चित्रे काढून करावे.

खरे काम मात्र आधीच्या वेळेत असते. नोंदवहीतून बिनसण्याची पहिली चिन्हे ओळखीची झालेली असतात. ती दिसताच काम कमी करावे किंवा मुलाने ‘विश्रांती’ कार्ड दाखवून वर्गातील शांत कोपऱ्यात जावे, असे शिकवावे. हे शिकवणे मूल शांत असताना आणि रोज व्हावे. सुरुवातीला मूल हे कार्ड दिवसातून वीस वेळा वापरेल. तरीही प्रत्येक वेळी ते मान्य करावे, कारण कार्ड दाखवले की सुटका होते हा विश्वास बसल्याखेरीज ओरडण्याची गरज संपत नाही. शांत कोपरा हा शिक्षेचा कोपरा कधीही होऊ देऊ नये.

आठवी पायरी: इतर गरजा ओळखणे

याच पद्धतीने इतर मुलांकडे पाहिले की पुष्कळ उपाय समान असल्याचे आढळते. प्रत्येक गरजेविषयी स्वतंत्रपणे शिकावे लागेलच, येथे फक्त पहिल्या दिवसापासून उपयोगी पडणाऱ्या गोष्टी सांगतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील विशिष्ट अडचण, असलेल्या मुलाला घ-ध, भ-म अशी सारखी दिसणारी अक्षरे आणि वेलांट्या-मात्रा यांच्याशी रोज झगडावे लागते. त्याला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये, मजकूर मोठ्या अक्षरांत व मोकळ्या ओळींत द्यावा आणि विज्ञानाचे उत्तर तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे व स्थिर बसणे अवघड जाणे, असलेल्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, काम लहान तुकड्यांत द्यावे आणि हालचालीचे अधिकृत निमित्त द्यावे: फळा पुसणे, वह्या वाटणे. मधल्या सुट्टीत खेळायला न सोडण्याची शिक्षा या मुलाला देणे म्हणजे त्याचे औषधच बंद करणे होय.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा ठेवणे अवघड जाणे, असलेल्या मुलाचे बोलणे अस्पष्ट असले, तरी त्यावरून त्याची बुद्धी ठरवू नये. त्याचे पाय टेकतील असे आसन, लिहिण्याला पर्याय आणि भरपूर वेळ द्यावा. ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि श्रवणयंत्र गोंगाटही मोठा करते हे ध्यानात ठेवावे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावर लिहितानाच प्रत्येक शब्द उच्चारावा आणि ‘हे इथे, ते तिथे’ असे म्हणण्याऐवजी वस्तूंची नावे घ्यावीत.

फीट येणे ही गोष्ट ऑटिस्टिक व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत इतरांपेक्षा अधिक आढळते, म्हणून त्याची तयारी असावी. घड्याळ पाहून वेळ नोंदवावी, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, शक्य होताच कुशीवर वळवावे, हालचाली दाबून धरू नयेत आणि तोंडात काहीही घालू नये. झटके पाच मिनिटांपेक्षा अधिक चालले, लागोपाठ आले किंवा पहिल्यांदाच आले, तर तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. काही फीटमध्ये मूल फक्त काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा काम सुरू करते. असे दिवसातून अनेकदा होत असेल, तर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्याआधी पालकांना कळवावे.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. दिसलेल्या गोष्टी तारखेसह सांगाव्यात आणि तज्ज्ञांकडे जाण्याचे सुचवावे. आजाराचे नाव आपण घेऊ नये.

नववी पायरी: वर्गमित्र आणि मदतनीस

वर्गाला एखाद्या मुलाच्या निदानाविषयी सांगायचे असेल, तर पालकांची आणि शक्य तेथे मुलाची परवानगी घ्यावी. त्याशिवायही ‘प्रत्येकाला शिकायला वेगवेगळ्या गोष्टी लागतात’ एवढे सांगता येते आणि हेडफोन किंवा शांत कोपरा गरज पडेल त्या कोणालाही वापरू दिला की त्याचे नवल राहत नाही. ‘सगळे मिळून खेळा’ ही सूचना पुरेशी नसते. खेळाचे नियम, पाळी कोणाची हे दाखवणारी खूण आणि मुलाच्या आवडीचा विषय यांच्या आधारे दोन-तीन मुलांचा छोटा गट करावा. रेल्वेची सर्व इंजिने तोंडपाठ असलेल्या मुलाला भूगोलाच्या गटात नकाशाचे काम दिले, तर इतर मुले त्याच्याकडे विचारायला येतात.

मुलासाठी वेगळा मदतनीस असेल, तर त्याची खुर्ची कोठे आहे याकडे लक्ष द्यावे. तो सतत मुलाला चिकटून बसला की वर्गशिक्षक त्या मुलाशी बोलायचे थांबतात, मित्र जवळ येत नाहीत आणि मूल प्रत्येक उत्तरासाठी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. मदतनीसाने गटातील चार मुलांना मदत करावी, या मुलाला शिकवण्याची जबाबदारी वर्गशिक्षकाचीच राहावी. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातील २४ वे कलम समावेशक शिक्षण हा हक्क मानते, आणि केवळ वर्गाच्या भिंतींच्या आत बसवल्याने तो हक्क मिळत नाही.

दहावी पायरी: वर्षअखेरीचे काम

घरी रोज जाणाऱ्या वहीत फक्त तक्रारी लिहिल्या, तर पालक ती उघडायला घाबरू लागतात. म्हणून आज काय जमले आणि कोणत्या मदतीने जमले, हे एका ओळीत लिहावे. एका वेळी एकच नवा उपाय सुरू करावा, किमान दोन-तीन आठवडे तो सातत्याने चालवावा आणि नोंदी पाहूनच तो ठेवायचा की बदलायचा ते ठरवावे. एकदम पाच बदल केले, तर कशाने फरक पडला हे कोणालाच सांगता येत नाही.

वर्ष संपण्याच्या महिनाभर आधी सुरुवातीचे ते एक पान पुन्हा लिहावे. आता त्यात पालकांच्या सांगण्याबरोबर आपल्या नोंदींचाही आधार असेल. पुढील वर्गाच्या शिक्षकांना ते समक्ष भेटून द्यावे, मुलाला नव्या वर्गात रिकाम्या वेळी दोन-तीनदा नेऊन आणावे, तेथील दार, बाक, स्वच्छतागृह आणि नव्या शिक्षकांचा चेहरा यांची छायाचित्रे काढावीत आणि त्यांची लहानशी पुस्तिका सुट्टीत पाहण्यासाठी घरी द्यावी. चित्रवेळापत्रकाची पट्टी, ‘विश्रांती’चे आणि ‘बदल’चे कार्ड नव्या वर्गात आधीच पोहोचलेले असावे, म्हणजे पहिल्या दिवशी दारातून आत येताना मुलाला तेथे ओळखीचे काहीतरी दिसेल.